दंडाची घागर

"काकू, आमटी वाढा की."

असं म्हणून ज्यानं ताट पुढं केलं तो माझाच मुलगा. वय तेरा, यंदा आठवीत जाणार, राहणार माझ्याच घरात. पण मुलांच्या गिर्यारोहण शिबिराचा नियमच तसा होता. ज्यांची मुलं शिबिरात आहेत त्या स्वयंसेवकांनी सात दिवस आई-बाबा व्हायचं नाही. सगळ्यांची काकू, सगळ्यांचे काका. मी हसत हसत कागदावर सही केली होती. पोरगं दुसऱ्या दिवशी पदर शोधत येईल अशी माझी खात्री. त्यानं पहिल्याच रात्री इतकं सराईतपणे 'काकू' म्हटलं की माझी पळी हवेतच राहिली, आणि मागून ओरडा आला, "काकू, लाईन थांबली!"

मी बँकेत कॅशला बसते. मोजायचं काम जमतं म्हणून मला कोठी मिळाली. बेचाळीस पोरं, नऊ मोठी माणसं आणि सात दिवसांचा शिधा. मे महिन्याचा दुसरा आठवडा. कोल्हापुरातनं शिवाजी पूल ओलांडून केर्ली, मग वाघबीळ, मग डावीकडं पन्हाळ्याची चढण, आणि तिथून पुढं पश्चिमेला मसाई पठाराच्या पायथ्याची एक वाडी. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. एका वर्गात मुली, दुसऱ्यात मुलगे, व्हरांड्यात आम्ही. बूट झटकल्याशिवाय पायात घालायचे नाहीत, हे पहिल्या तासालाच सांगितलं गेलं, कारण दगडाखालची इंगळी उन्हाळ्यात सावली शोधते आणि बुटाइतकी चांगली सावली तिला मिळत नाही. ते ऐकून दोन मुलींनी बूट उशाशी घेतले. तिसरीनं उशाचे बूट लांब फेकले. तिघींचंही बरोबरच होतं.

शिबिराचे सर पन्नाशीचे, शिडशिडीत, आवाज अगदी हळू. गिर्यारोहण शिकवणारा माणूस म्हणजे छाती काढून चालणारा असं माझ्या डोक्यात होतं. हे गृहस्थ एखाद्या हायस्कुलातले भूमितीचे मास्तर वाटत होते.

पहिल्या संध्याकाळी एक पोरगी शेताच्या बांधावरून खाली उडी मारायच्या बेतात होती. माझ्या तोंडून आपसूक गेलं, "अगं, जपून!"

सर शेजारीच दोर गुंडाळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "काकू, जपून म्हणजे तिनं नेमकं काय करायचं?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"डावा पाय आधी टाकायचा का उजवा? खालचा दगड हलतोय का? गवत वाळलंय, त्यावरनं पाय सरकतो, हे तिला ठाऊक आहे का? तुम्हाला जे दिसतंय ते सांगा. दिसत नसंल तर गप्प बसा. 'जपून' म्हटलं की पोरगं पायाकडं बघायचं सोडून तुमच्याकडं बघतं. आणि तिथंच पडतं."

आणि मग दंड ठरला, फक्त मोठ्या माणसांना. जपून, हळू, पडशील, नको रे, अगंबाई, यातलं काहीही तोंडातून गेलं की शब्दाला एक घागर. झऱ्यावरून भरून आणायची आणि शाळेच्या हौदात ओतायची.

झरा शाळेच्या वरच्या अंगाला, दोनेकशे पावलांच्या चढावर. मे महिन्यात तिथं पाणी कसं, असं मला वाटायचं. सरांनी एकदा कातळच दाखवला. वरचं पठार सगळं जांभ्याचं, हाताला खरखरीत, भोकाभोकांचं, स्पंजासारखं. पावसाळाभर ते पाणी पितं. खाली काळा पाषाण. दोन्हींच्या मध्ये चिकण मातीचा थर. वरून झिरपलेलं पाणी तिथं अडतं, खाली जायला वाट नाही म्हणून आडवं सरकतं आणि जिथं कडा तुटलेला असतो तिथं बाहेर येतं. म्हणजे जुलैत पडलेला पाऊस मी मे महिन्यात घागरीत भरत होते. धार करंगळीएवढी. घागर भरायला चार-साडेचार मिनिटं. कमरेवर घेऊन उतरायचं तर डावीकडचा तिसरा दगड हलायचा.

पहिल्या पूर्ण दिवशी माझ्या नावावर नऊ घागरी लागल्या.

वाडीतल्या आक्का भाकऱ्या थापायला यायच्या. माझी ये-जा बघून म्हणाल्या, "वैनी, आज तुमच्या तोंडानंच हौद भरला बगा."

मला खरं तर राग आला होता. काळजी करणं हा गुन्हा कधीपासून झाला? बेचाळीस आयांनी विश्वासानं पोरं सोपवलेली. पण रात्री व्हरांड्यात पडल्या पडल्या त्या नऊ वेळा आठवून बघितल्या. सहा वेळा पोरगं नीटच चाललं होतं. दोन वेळा माझ्या ओरडण्यानं दचकलं होतं. आणि एकदा, भाजी चिरणाऱ्या पोराला "अरे, हळू" म्हटलं तेव्हा, त्यानं वर बघितलं आणि बोट कापून घेतलं. हिशोबात मी कच्ची नाही. नवातून एकही शब्द कामाला आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पन्हाळा. कोल्हापूरकराला पन्हाळा म्हणजे पावसात कणीस खायला जायची जागा. त्यामुळं पोरांना वाटलं, त्यात काय बघायचं. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंधारबाव, पटापट झालं. युनेस्कोनं २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत हा आहे म्हणून दोघांनी भिंतीला हात लावून फोटो काढले. मी मात्र अंबारखान्यात अडकले. गंगा, यमुना, सरस्वती, अशी तीन कोठारं. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात. छताला वरून धान्य ओतायची भोकं आहेत, त्यांतून उन्हाचे कवडसे खाली पडले होते. १६६० च्या मार्चपासून जुलैपर्यंत सिद्दी जौहरचा वेढा गडाभोवती होता. बाजीप्रभू, शिवा काशीद ही नावं आपल्याला पोटात असल्यापासून ठाऊक. पण त्या चार महिन्यांत रोज संध्याकाळी इथं उभं राहून 'आज एवढं गेलं, एवढं उरलं' असं कुणीतरी मोजत असणार. त्याला झोप कशी लागत असंल? मला सात दिवसांचा हिशोब झेपेना. तीन किलो चटणी आणलेली, चौथ्या दिवशी डबा खडखडला. (बाहेरच्यांसाठी खुलासा: कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसणाचा लाल मसाला. नारळाच्या चटणीला आम्ही फार किंमत देत नाही.) आक्कांनी आपल्या घरची बरणी आणून दिली, म्हणून गड वाचला.

'जपून' हा शब्द माझ्या तोंडात आला कुठून, याचा मी त्या आठवड्यात बराच शोध घेतला. वडिलांकडून नक्की नाही. ते शिवाजी पेठेतले, तालमीतले. मी सात वर्षांची असताना त्यांनी मला गावाकडच्या विहिरीवर नेलं, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधला आणि ढकलून दिलं. डबा म्हणजे त्या वेळचं लाईफ जॅकेट. झाकण मेणानं बंद केलेलं. मी नाकातोंडात पाणी जाऊन ओरडत होते आणि वडील पायरीवर उकिडवे बसून एकच सांगत होते, "पाय मार. पाय मार. पाय मार." दुसरा शब्द नाही. चौथ्या दिवशी डबा काढला, ते मला कळलंसुद्धा नाही. आई काठावर होती. ती रडत "जपून गं बाई, जपून" म्हणत होती, आणि मला दोघांचे आवाज आजही वेगवेगळे ऐकू येतात. पोहायला मी वडिलांच्या आवाजावर शिकले. पुढं आयुष्यभर बोलले मात्र आईच्या आवाजात. आईला यात दोष नाही. तिला पोहता येत नव्हतं. तिला पाय कसे मारायचे ते सांगता येण्यासारखं नव्हतंच.

चौथ्या दिवशी रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं. किल्ल्याच्या तटाला दोर लावायचा नाही, ते पुरातत्त्व खात्याचं. आमचा कडा पठाराच्या कडेचा, झऱ्याच्या डाव्या अंगाला, साठेक फुटांचा काळा कातळ. वर दोर बांधायचे दोन वेगवेगळे आधार (अँकर), दोन दोर. एका दोरावरून पोरगं उतरणार, दुसरा त्याच्या कमरेच्या पट्ट्याला (हार्नेसला) बांधून वर सरांच्या सहकाऱ्याच्या हातात. पोरानं घाबरून दोन्ही हात सोडले तरी तो दुसरा दोर त्याला धरून ठेवतो. पहिला दोर ॲल्युमिनियमच्या एका तुकड्यातून ओवलेला असतो, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा. दोर त्यात घासतो, म्हणून वेग आवरतो. उतरून आल्यावर तो तुकडा हाताला चटका लागेल इतका तापलेला असतो. उजवा हात कमरेच्या मागं. दोर सैल सोडला की उतरायचं, मागं ओढून धरला की थांबायचं. एवढंच यंत्र. सगळी अडचण काठावरच्या पहिल्या पावलाची. दरीकडं पाठ करायची आणि मागं रेलायचं, खुर्चीत बसल्यासारखं, पाय कातळाला काटकोनात. अंग म्हणतं, सरळ उभा राहा, कड्याला चिकट. आणि भीतीनं जो सरळ उभा राहतो त्याचेच पाय सटकतात.

मुली आधी उतरल्या. "सर, मी जातो!" "मी पण उतरतो!" पुण्याहून मदतीला आलेली एक ताई सारखी दचकून बघायची, की आवाज मुलीचा आणि क्रियापद मुलाचं कसं. तिला सांगितलं, बाई गं, कोल्हापूरची पोरगी 'येतो, जातो, करतो'च म्हणते. लिहिताना मी 'गेले' लिहिते, घरात 'गेलो' म्हणते. त्यात काही बंडबिंड नाही, तशीच जिभेला सवय. पण कड्याच्या काठावरून ते ऐकायला फार छान वाटलं, हे खरं.

माझ्या मुलाची पाळी आली तेव्हा मी झऱ्यावर होते. त्या दिवशीच्या चार घागरी दंडाच्या होत्या, त्यातली तिसरी. जागा अशी, की दगड सुटला तर अंगावर येणार नाही इतकी बाजूला, पण कडा सगळा दिसणार. वरून हेल्मेट दिसलं, मग पाठ, मग तो काठावर थांबला.

थांबला म्हणजे थांबलाच. वरून सरांचा आवाज येत होता, तसाच हळू, मला शब्द कळत नव्हते. भरलेली घागर कमरेवर होती. घड्याळात बघायला हात मोकळा नव्हता. कॅशमध्ये बसणाऱ्या बाईला वेळ न मोजता उभं राहणं काय असतं ते मला विचारा. त्याचे गुडघे थरथरताना दिसत होते. दिसत होते की मला वाटत होतं, कोण जाणे. माझ्या तोंडात ते सगळे शब्द रांग लावून उभे होते. जपून. हळू. नको, ये परत. आणि मला पहिल्यांदा कळलं की त्यातला एकही शब्द त्याच्यासाठी नव्हता.

मग तो मागं रेलला. इतका अचानक, की माझ्या पोटात गोळा आला. पाय काटकोनात. एक पाऊल, दुसरं पाऊल. बुटांचे तळवे दिसायला लागले. नवे बूट, राजारामपुरीत मीच घेऊन दिलेले. उजव्या बुटाच्या तळाला, मधल्या खोलगट भागात, किमतीचं पांढरं स्टिकर तसंच होतं. चार दिवस डोंगर तुडवूनही ते निघालं नव्हतं. मी सगळं सोडून त्या स्टिकरकडंच बघत राहिले.

निम्म्यावर आल्यावर त्यानं दोर मागं ओढून धरला, थांबला आणि मान वळवून खाली बघितलं.

"काकू!" तो ओरडला. "पाणी सांडतंय!"

घागर कलंडली होती. चप्पल, साडीचा काठ, पायाखालची माती, सगळं भिजून चिखल झालेला, आणि मला पत्ता नव्हता. "डावा हात वर घ्या, गळ्याला धरा!" तो म्हणाला. मी धरला. घागर सरळ झाली. तो पुढं उतरून गेला.

संध्याकाळी मी सरांना विचारलं की निम्मी घागर चालेल का. "नाही," म्हणाले.

पाचवा दिवस लिहायची गरज नाही. नकाशा वाचणं, गाठी मारणं, आणि दुपारी 'मटण कधी' या विषयावर पोरांची एकमुखी घोषणाबाजी. बुधवार होता. कोल्हापूरच्या पोराला बुधवारी मटकीची उसळ वाढणं हे काम काळजाचं आहे, ते मी केलं.

सहाव्या दिवशी पठार. शिदोरी घेऊन मीही वर गेले. मसाई पठारावर पहिल्यांदा पाऊल टाकलं की माणूस गप्प होतो, एवढं ते सपाट आणि मोकळं. झाड असं नाहीच, वाळलेलं गवत आणि जांभ्याचा उघडा सडा. कडेला करवंदीच्या जाळ्या, पिकून काळ्या झालेल्या. पोरं त्यात घुसली, बोटं चिकानं चिकट, ओठ जांभळे. साडेअकराच्या सुमाराला पश्चिमेला ढग उभा राहिला. सर डबा बंद करून उभे राहिले. "उतरायचं."

पोरं भडकली. ऊन पडलंय की सर! अजून जेवण पण न्हाई! सरांनी वाद घातला नाही, मला म्हणाले, "काकू, तुम्ही मोजा." वीज दिसली की मोजायला लागायचं, गडगडाट आला की थांबायचं. तीन आकड्यांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आलं की मोकळ्या पठारावर राहायचं नाही, कारण तिथं सगळ्यात उंच वस्तू म्हणजे आपण. पहिली वीज: अठ्ठावीस. पोरं अजून कुरकुरत होती. बावीस. कुरकुर थांबली. चौदा, तेव्हा आम्ही कड्याच्या वाटेला लागलो होतो. नऊ. मी मोठ्यानं मोजत होते, नोटा मोजताना ओठ हलतात तसं नाही, खणखणीत, शेवटच्या पोराला ऐकू जाईल असं. वाट निसरडी नव्हती झालेली अजून. तिथं एका वळणावर माती सुटी होती. "इथं माती सुटी आहे, कातळाच्या बाजूनं या," असं मी बेचाळीस वेळा म्हटलं. सहा. तोवर खालच्या खोलगट जागेत पोचलो. एकमेकांपासून लांब लांब, पाय जुळवून उकिडवं बसवलं सगळ्यांना. एकट्या झाडाखाली कुणी जायचं नाही. मग वळीव कोसळला. आधी टपोरे थेंब, मग गारा. हेल्मेटं घातलेली पोरं गारांचा आवाज ऐकून खूश, मोठी माणसं डोक्यावर ताटं धरून बसलेली. माझ्या ताटावर जो ताशा वाजला तो अजून कानात आहे. वीस मिनिटांत सगळं संपलं. मातीचा वास सुटला, आणि कुणीतरी पहिली गार तोंडात टाकली.

त्या दिवशी माझ्या नावावर घागर लागली नाही. ते मला रात्री आक्कांनी सांगितलं. हौद कमी भरला म्हणून त्यांची तक्रार होती.

शेवटच्या रात्री बॅटरीशिवाय चाल. आकाश धुतल्यासारखं झालं होतं. १६६० च्या आषाढ पौर्णिमेला महाराज राजदिंडीनं पन्हाळ्यावरून निघाले आणि पावसाच्या अंधारात याच पठाराच्या अंगानं विशाळगडाकडं गेले, ते सरांनी आवाज आणखी खाली आणून सांगितलं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तोवर कुणी बोलायचं नाही. आम्ही एकामागं एक निघालो. खरंच दिसायला लागलं, आधी पुढच्याची पाठ, मग वाट, मग लांब पन्हाळ्याचे दिवे. बेचाळीस पोरं आणि एकाचाही आवाज नाही. अंगावर काटा आला होता. आणि त्या गंभीर शांततेत रांगेच्या मधोमध बुधवारच्या मटकीनं तोंड उघडलं. लांबलचक. पुढचे पाच-दहा मिनिटं ती सेना वाटेवर गडाबडा लोळत होती. सरसुद्धा पाठ करून उभे होते, खांदे हलत होते.

घरी आलो दुपारी. एसटीत तो माझ्या शेजारी बसला नाही, मागच्या बाकावर पोरांत बसला. घरी आल्यावर आंघोळ केली, जेवला, दोन तास मेल्यासारखा झोपला. उठल्यावर म्हणाला, सॅक माळ्यावर टाकतो. मी ओट्यापाशी होते. वळून बघते तर स्टुलावर उभा, एक हात माळ्याच्या कडेला, आणि पाय फळीवरच्या डब्यावर टाकायच्या बेतात.

माझं तोंड उघडलं. बंद झालं. मग म्हटलं, "उजवा पाय त्या डब्यावर नको. झाकण पातळ पत्र्याचं आहे. खिडकीच्या कठड्यावर ठेव."

त्यानं खाली बघितलं, पाय उचलून कठड्यावर ठेवला, सॅक वर ढकलली.

"डब्यात काय आहे?"

"पापड."

"हां," तो म्हणाला, "मग आधी सांगायचं न्हाई होय, काकू."